तुम्ही विचारलंत म्हणून: त्या पत्रावरची माझी सही

गेली तीन वर्षे रिंकच्या पायऱ्यांवर, मंडळाच्या गणेशोत्सवात आणि एकदा तर किराणा दुकानाच्या रांगेत मला एकच प्रश्न विचारला जातो: ‘आपल्या आइस हॉकी संघाच्या प्रशिक्षकाला काढा, असे तिकीटधारकांनी लिहिलेल्या पत्रावर तुमचीही सही होती, मग आता त्याच माणसाची बाजू कशी घेता?’ तोंडी उत्तर देताना मी दर वेळी चिडतो, म्हणून एकदाचे लिहूनच टाकतो.

सही माझीच होती आणि ती कोणी गळ घालून घेतलेली नव्हती. शुक्रवार, शनिवार, रविवार असे लागोपाठ तीन सामने एएचएलमध्ये, म्हणजे एनएचएल या सर्वोच्च हॉकी लीगच्या खालच्या, तिच्यासाठी खेळाडू घडवणाऱ्या लीगमध्ये, नवे नाहीत. हा त्यातला शनिवारचा. आपण 2-1 ने पुढे होतो, पावणेदोन मिनिटे उरली होती आणि समोरच्यांनी गोलरक्षक काढून सहावा खेळाडू उतरवला होता. दोन अनुभवी बचावपटू बाकावर असताना आपल्या प्रशिक्षकाने वीस वर्षांच्या त्या मुलाला पाठवले, ज्याने दुसऱ्या सत्रात आधीच एकदा पक (हॉकीतली रबरी चकती) हातचा घालवला होता. गोलामागे पक त्याच्याकडे आला. रिंकच्या कडेच्या फळीला लागून जोरात आपल्या भागाबाहेर मारला असता तरी भागले असते, पण त्याला मधून पास देण्याची हौस आली, तो अडवला गेला आणि 2-2 झाले. मी बाकाच्या मागे दुसऱ्याच रांगेत होतो. प्रशिक्षक त्याच्यावर ओरडला नाही. पुढे वाकून हातातल्या पांढऱ्या फळ्यावर त्याने मार्करने दोन रेघा मारल्या, त्या मुलाच्या डोळ्यांसमोर धरल्या आणि जादा वेळेत, तीनास तीन खेळताना, सर्वांत आधी पुन्हा त्यालाच उतरवले. मिनिटाच्या आत आपण हरलो. मी जे ओरडलो ते मराठीत ओरडलो, एवढेच बरे; पण शेजारी बसलेल्या माझ्या मुलीला मराठी येते.

सोमवारी पत्र निघाले आणि हंगाम संपल्यावर त्याचा करार वाढवला गेला नाही. आमच्या पत्राने काही झाले नसणार, कारण हा प्रशिक्षक आपल्या संघाशी जोडलेला एनएचएलमधला वरचा संघ नेमतो आणि तो तिकीटधारकांच्या सह्या मोजत बसत नाही. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही, असे लिहिणार होतो. पण तो बचावच आहे.

त्या वेळच्या मला आज एवढेच विचारावेसे वाटते की, गोलरक्षक सोडून उतरणाऱ्या 18 पैकी 13 खेळाडू नवखेच असले पाहिजेत आणि त्यांतल्या 12 जणांचे व्यावसायिक सामने 260 च्या वर नसावेत असा जिथे नियमच आहे, तिथे प्रशिक्षकाची परीक्षा गुणतक्त्यावर घ्यायला तू निघालास कसा? यावर तो जुना मी गप्प बसत नाही. तो म्हणतो, प्रशिक्षक जॉन कूपरने 2012 मध्ये एएचएलच्या नॉरफोक संघाला ओळीने 28 सामने जिंकून दिले, काल्डर कप म्हणजे एएचएलचे विजेतेपदही दिले, आणि पोरेही घडवली. दुसरा प्रशिक्षक जेरेड बेडनारचे उदाहरण मी काढावे, की 2016 चा काल्डर कप जिंकून एनएचएलच्या कोलोरॅडो संघात गेल्यावर पहिल्या हंगामात त्याचे 82 सामन्यांत जेमतेम 48 गुण झाले, तरी त्याला ठेवले म्हणून 2022 चा स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, आला. तर तो लगेच दाखवतो की खालच्या लीगमध्ये बेडनार जिंकतच होता. यावर माझ्याजवळ उत्तर नाही. ‘आम्ही पोरे घडवतो’ ही हरणाऱ्या प्रशिक्षकाची हक्काची सबबही असू शकते.

गेल्या हिवाळ्यात तोच मुलगा टीव्हीवर दिसला. वरचा संघ एका गोलने पुढे, शेवटचे मिनिट, पक गोलामागे. त्याने मान वर करून एकदा पाहिले आणि फळीला लागून पक बाहेर घालवला. मुलगी माझ्याकडे पाहत होती. हे त्या दोन रेघांचे फळ की वाढत्या वयाचे, कोण सांगणार?

आणि एक गोष्ट मी अजूनही सोडलेली नाही. त्या आठवड्यात तिन्ही सामन्यांना त्याने एकच गोलरक्षक उभा केला, आणि रविवारी तो पोरगा जांघ धरून बाहेर गेला तो हंगामभर परतला नाही. पत्रातले त्याबद्दलचे वाक्य मी आजही तसेच ठेवीन. शेवटच्या दोन मिनिटांबद्दलचे वाक्य दुसऱ्या कोणी लिहिले असते तर बरे झाले असते. ते मीच सुचवले होते.