आधी मीटर मोजलं

डिसेंबर ते फेब्रुवारी म्हणजे जिनिंगचा, कापसातून सरकी वेगळी करायचा, ऐन हंगाम. नेमकं त्याच तीन महिन्यांत मी सिक्स सिग्माच्या ब्लॅक बेल्टचं प्रशिक्षण केलं. सिक्स सिग्मा म्हणजे कामातले दोष मोजून कमी करायची पद्धत, आणि ब्लॅक बेल्ट ही तिच्यातली वरची पातळी. शनिवार-रविवार नागपूरला वर्ग, सोमवारी पहाटे हिंगणघाटची एसटी, आणि दहाच्या आत आमच्या जिनिंगच्या फाटकावर कापसाच्या गाड्यांची रांग. त्याखालचा ग्रीन बेल्ट दोन वर्षांपूर्वीच झाला होता. या वेळी जे शिकले त्यातली एकच गोष्ट आज लिहिते, कारण ती माझ्या घरापर्यंत येऊन पोचली.

मोटोरोलामध्ये बिल स्मिथ यांनी 1986 साली ही पद्धत मांडली. दहा लाख संधींमागे 3.4 पेक्षा जास्त दोष नकोत, असं तिचं माप. वर्गात माझ्यासोबतचे बहुतेक जण बुटीबोरी-हिंगण्याकडच्या कारखान्यांतले. त्यांच्याकडे साच्यातून सुटा भाग निघतो, एकासारखा एक. आमच्याकडे पहिला वेचा वेगळा, तिसरा वेगळा. सकाळी दवात वेचलेला वेगळा, दुपारचा वेगळा. तरी पद्धतीच्या पाच पायऱ्या कापसालाही लागू पडतात, हे मला प्रकल्प करताना कळलं: प्रश्न ठरवा, मोजा, कारण शोधा, सुधारा, आणि सुधारलेलं टिकवा.

प्रकल्पाचा प्रश्न मालकांनीच दिला होता. आमची दाबून बांधलेली कापसाची गाठ साधारण 170 किलोची. सूतगिरणीकडून तक्रार यायची की एका गाठीत ओलावा कमी, दुसरीत जास्त. कारण सगळ्यांना आधीच पाठ होतं. "कास्तकार पाणी मारून आणून राहिले ना ताई, अजून काय!" काही जण मारतही असतील. पण माझे बाबा कास्तकार आहेत. ओलाव्यापायी भाव कापलेली पावती घेऊन ते घरी यायचे, ओसरीवर बसायचे आणि कुणाशी बोलायचे नाहीत. ते मी लहानपणापासून पाहिलं आहे.

मोजायच्या पायरीवर आमच्या सरांनी अडवलं. म्हणाले, ओलावा मोजण्याआधी मोजणारं यंत्र आणि मोजणारा माणूस तपासा. या तपासणीला गेज आर अँड आर म्हणतात. एकाच माणसानं तोच कापूस पुन्हा मोजला तर आकडा तोच येतो का, आणि तोच कापूस तीन माणसांनी मोजला तर तिघांचा आकडा जुळतो का, एवढंच त्यात पाहायचं असतं. एकूण फरकात मोजणीचा वाटा 10 टक्क्यांच्या आत असेल तर मोजणी चांगली. 30 टक्क्यांच्या वर गेला तर त्या आकड्यांवर कुठलाच निर्णय घेऊ नये.

एका दुपारी गाड्या थोड्या कमी होत्या. दहा गाड्यांमधून दहा नमुने काढले आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत भरले. कापूस उघडा राहिला तर आपल्या कोरड्या हवेत बघता बघता वाळतो आणि दुसरा आकडा पहिल्याशी जुळतच नाही, म्हणून हे डबे. डब्यांचे नंबर मी झाकले. ओलावा पाहणारे तिघे, प्रत्येकानं प्रत्येक नमुना तीनदा, असे 90 आकडे. संध्याकाळी गणित मांडलं. मोजणीचा वाटा 30 च्या कितीतरी वर होता.

मी तिघांचे हात पाहत बसले होते, त्यामुळे कारणही दिसलं. आमचं मीटर कापसातून विजेला किती अडथळा होतो त्यावरून ओलावा सांगतं. कापूस जितका दाबून भराल तितका अडथळा कमी आणि आकडा मोठा. एक जण तळहातानं हलकं दाबायचा. दुसरा अंगाचा सगळा भार टाकायचा. त्याच नमुन्यांतला थोडा कापूस 105 अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवला, तेव्हा भार टाकणाऱ्याचा आकडा खऱ्यापेक्षा सरळ वर निघाला. तो मुद्दाम करत नव्हता. त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

आता हिशोब पाहा. हमीभाव 8 टक्के ओलाव्याला धरलेला असतो, त्यापुढे 12 पर्यंत प्रत्येक टक्क्याला एक टक्का भाव कमी. 2025-26 ला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. म्हणजे मीटरच्या एका चुकीच्या टक्क्याला क्विंटलमागे 81 रुपये. वीस क्विंटलच्या गाडीवर सोळाशेच्या वर जातात. खाजगी जिनिंगमध्ये भाव वेगळा असतो, पण कपातीचा धागा हाच. त्या रात्री मला बाबांच्या पावत्या आठवत राहिल्या.

सुधारणा साधी केली. मीटरच्या डब्यात कापूस दर वेळी काट्यावर मोजूनच भरायचा, वर पाच किलोचं वजन ठेवायचं, हातानं दाबायचं नाही. गाडीच्या तीन ठिकाणचे तीन आकडे घ्यायचे आणि सरासरी कास्तकाराला दाखवायची. मालक आधी नाखूश होते. मग गाठींचा ओलावा सारखा यायला लागला, कारण कुठला ढीग उन्हात टाकायचा आणि कुठला सरळ जिनवर घ्यायचा हे आता खऱ्या आकड्यावर ठरत होतं. तेव्हा त्यांनी दुसऱ्या काट्यावरही हेच सुरू करायला सांगितलं.

टिकवण्यासाठी भिंतीवर नियंत्रण आलेख लावला, म्हणजे रोजचे आकडे टिंबांनी टाकायचा, वर-खाली मर्यादेच्या रेषा असलेला कागद. वॉल्टर शूहार्ट यांनी तो 1924 मध्ये कागदावर मांडला होता. आमच्याकडे तो पेन्सिलीनं, हातानं भरला जातो. रोज सकाळी आणि जेवणानंतर मीटर एका ठरलेल्या रेझिस्टरला, म्हणजे विजेला नेहमी तेवढाच अडथळा करणाऱ्या भागाला, लावायचं आणि येईल तो आकडा टिंबानं टाकायचा.

मागच्या गुरुवारी दुपारी टिंब वरच्या रेषेबाहेर गेलं. आलेख भरत होता तो भार टाकणाराच. त्यानं मला विचारायला न थांबता मोजणी बंद केली आणि फाटकावर जाऊन सांगितलं, "थांबा जी, मीटर खोटं बोलून राहिलं." बॅटरी उतरली होती. नवी येईपर्यंत अर्धा तास गेला. रांगेत समुद्रपूरकडचे एक म्हातारे कास्तकार होते. ते आत आले, भिंतीवरच्या कागदासमोर उभे राहिले आणि त्याला म्हणाले, "हे टिंब कायचं आहे, मले सांग बरं." तो त्यांना पहिल्या टिंबापासून सांगत बसला.