पावणेअकरा आणे

देवगड, मंगळवार, ७ ऑगस्ट २०१८

सकाळी सातबाऱ्याचा उतारा आणायला तलाठी कार्यालयात गेलो, तर दाराला कुलूप. सरकारी कर्मचाऱ्यांचा आजपासून तीन दिवस संप आहे हे कालच वाचलं होतं, पण पावसात स्कूटर हाकत तिथे पोचेपर्यंत आठवलं नाही. भिजून परत आलो, चहा घेतला, दुपारी मोबाइल उघडला आणि दिवस एकदम सार्थकी लागला.

लंडनचा आर्सेनल फुटबॉल क्लब आता पुरता अमेरिकन उद्योगपती स्टॅन क्रोंकेचा होणार. दुसरा मोठा हिस्सेदार, रशियन अब्जाधीश अलिशेर उस्मानोव्हने आपला तीस टक्के हिस्सा ५५ कोटी पौंडांना द्यायचं कबूल केलंय. क्लबची एकूण किंमत धरली आहे १८० कोटी पौंड.

मी २०१० पासून टॉटनहॅमवाला, म्हणजे आर्सेनलच्या लंडनमधल्याच हाडवैऱ्यांचा. इंटर मिलानच्या मैदानावर गॅरेथ बेलने एकट्याने तीन गोल मारले ती मॅच पाहिली आणि अडकलो. ती मॅच आम्ही ४-३ हरलो होतो. हरलेली मॅच बघून कोणी संघ निवडतं का, असं चुलतभाऊ तेव्हापासून विचारतो आहे. तो आर्सेनलवाला. त्याने लहानपणी २००३-०४ चा तो अख्खा हंगाम पाहिला, अडतीस सामने आणि एकही हार नाही. त्यामुळे त्याच्या बोलण्यात अजून खानदानी घराण्याचा तोरा असतो. त्याला लगेच फोन लावला.

"काय रे, विकलो गेलो मरे तुमचो क्लब!"

पलीकडे बराच वेळ फक्त पागोळ्यांचा आवाज. मग म्हणाला, "हस. हस मेल्या."

हसलो. खोटं कशाला बोलू? आमच्या सगळ्या टॉटनहॅमवाल्यांचेच मेसेज चालू होते. एकाने सुपरमार्केटच्या ट्रॉलीत आर्सेनलच्या बोधचिन्हातली तोफ ठेवलेलं चित्र पाठवलं, कारण क्रोंकेची बायको वॉलमार्टच्या घराण्यातली. दुसरा म्हणाला, हा माणूस पैसा सोडत नाही, आता दहा वर्षं तरी बघायला नको. मुंबईतला एक जण मात्र बेचैन होता. आतापर्यंत वाटणीदार होता म्हणून हात आखडता होता, आता सगळं स्वतःचं झाल्यावर थैली सोडली तर? त्याला कोणी उत्तर दिलं नाही.

क्रोंकेबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. हा मिसूरीचा. सेंट लुईसच्या दोन बेसबॉलपटूंवरून त्याचं नाव ठेवलं, एनॉस आणि स्टॅनली. मोठा झाल्यावर त्याने सेंट लुईसचाच अमेरिकन फुटबॉलचा संघ, रॅम्स, उचलून २०१६ मध्ये लॉस एंजेलिसला नेला. हे भावाला परत फोन करून सांगितलं. त्याने फोन ठेवला.

बुधवार, ८ ऑगस्ट

काल हसण्याच्या नादात बातमी अर्धीच वाचली होती. आज पाऊस लागूनच होता, संप होताच, म्हणून शांतपणे सगळी वाचली.

आमच्याकडे जमिनीचा हिस्सा अजून आण्यांत मोजतात. माझं डोकं आपोआप तिकडे वळलं. क्रोंकेकडे सदुसष्ट टक्के म्हणजे सोळा आण्यांच्या रुपयात पावणेअकरा आणे. उस्मानोव्हचे पाच आण्याला थोडे कमी. मग उरला जेमतेम अर्धा आणा. हा अर्धा आणा साध्या माणसांचा. क्लबचे सगळे मिळून शेअर बासष्ट हजारांच्या आसपास, त्यातला एखाददुसरा कुणाकडे आजोबांपासून आलेला, कुणी वर्गणी काढून भागीत घेतलेला. आता एका शेअरचे २९ हजार पौंडांहून थोडे जास्त मिळतील. आपले सव्वीस लाख रुपये तरी झाले. वाईट भाव नाही.

पण घेणार नाही म्हणायची सोय नाही. क्रोंकेकडे नसलेल्या शेअरांपैकी नव्वद टक्के त्याच्या हाती आले, की तिथला कंपनी कायदा उरलेल्यांचे शेअर सक्तीने घेऊ देतो. आर्सेनलच्या समर्थकांच्या ट्रस्टने हा भयंकर दिवस आहे असं म्हटलंय. काल मला ते रडगाणं वाटलं होतं.

उस्मानोव्हचं तर नवलच. २००७ पासून अकरा वर्षं हिस्सेदार, आणि संचालक मंडळात एक दिवस खुर्ची दिली नाही. पाच आण्यांचा धनी असून पडवीतच बसवलेला पाहुणा. तरी लोकांना वाटायचं, तो आहे तोवर वचक आहे.

आणि अर्ध्या आण्यावाल्यांचा काय वचक होता? तर वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेत उभं राहून विचारायचं. गेल्या ऑक्टोबरात त्यांनी हात वर करून अध्यक्षालाच नापास केलं होतं. मग शेअर मोजले आणि तो पास झाला. झालं काहीच नाही. पण मालकाच्या मुलाला समोर बसून ते ऐकावं तर लागलं! आता सभाच नाही. ज्या माणसाने पूर्ण पैसे मोजलेत, त्याने कुणाला का हिशोब द्यावा?

संध्याकाळी आत्या पडवीत टाकळा निवडत बसली होती. तिला हे सगळं सांगितलं. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण हिस्से कळतात. आमच्या कलमांच्या बागेच्या सातबाऱ्यावर एकोणतीस नावं आहेत, त्यातली नऊ माणसं कधीच वर गेली. बाहेरचा एक गृहस्थ तीन वर्षं एकेक हिस्सा उचलतोय. दोघा काकांनी दिले. आत्याचा एक आणा. तिच्या सहीवाचून त्याचं कुंपण अडलंय आणि ती प्रत्येक वेळी एकच वाक्य बोलते, "माजी सही गावची नाय." म्हणजे मिळायची नाही.

तिने विचारलं, "मग थयसर ज्यांका विकूचा नव्हता, त्यांचा काय?"

म्हटलं, तेंचे पण घेतले. जबरदस्तीन.

हातातली जुडी तशीच राहिली. "आणि पैसे?"

"पैसे दिले गो. चांगले दिले."

"हूं," म्हणाली, आणि परत देठ मोडायला लागली. मला वाटलं विषय संपला. जेवताना मात्र अचानक विचारलं, तुझा तो उतारा कधी मिळणार.

गुरुवार, ९ ऑगस्ट

महाराष्ट्र बंद. बाजार बंद. टॉटनहॅमही बंद.

आपल्या वेळेने रात्री साडेनऊला इंग्लंडमधली खेळाडू खरेदीची मुदत संपली. आम्ही उन्हाळाभरात एकही माणूस घेतला नाही. प्रीमियर लीगमध्ये २००३ साली ही मुदतीची पद्धत सुरू झाल्यापासून असा विक्रम कुणी केला नव्हता. आर्सेनलने पाच जण घेतले.

नऊ एकतीसला भावाचा फोन. "काय रे, बाजारातसून रिकामी पिशी घेवन इलंस?"

काय बोलणार? नव्या मैदानावर पैसा चाललाय, ते अजून अर्धवट आहे, हे मी सांगून बघितलं. त्याने विचारलं, तुमचा मालक कोण? म्हटलं, जोसेफ लुईस, बहामामध्ये राहतो. त्यांच्या एनिक कंपनीने २००१ मध्ये क्लब हातात घेतला, तिच्याकडे आज पंचाऐंशी टक्के, आणि २०१२ मध्ये त्यांनी क्लब शेअर बाजारातूनही काढून घेतला. पंचाऐंशी टक्के म्हणजे साडेतेरा आण्यांच्या वर. हे मी त्याला आण्यांत सांगितलं नाही. उगाच कशाला हातात कोयता द्यायचा.

आमच्याकडे खोती कायद्याने जाऊन सत्तर वर्षं होत आली. खोत निदान गावात राहायचा. भांडायला त्याच्या दारात जाता यायचं. बहामात कुठे जाणार?

थोडा वेळ दोघंही गप्प. मग तो म्हणाला, मँचेस्टर युनायटेडवाल्यांचं तर बघ. ग्लेझरने २००५ मध्ये क्लब घेतला तो कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. काही लोक चिडून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचा क्लब काढला. युनायटेडवर हसायला आम्ही दोघं नेहमीच एकत्र असतो. आज जमलं नाही.

शनिवार, ११ ऑगस्ट

गटारी. भावाकडे कोंबडीवडे, आणि पाच वाजता न्यूकॅसलशी आमची पहिली मॅच. अठरा मिनिटांत तीन गोल झाले, दोन आमचे, एक त्यांचा. पुढे दीड तास जीव मुठीत. मध्ये वीज गेली, मग मोबाइलच्या वीतभर पडद्यावर चौघांनी डोकी घातली. जिंकलो. रिकाम्या पिशवीने जिंकलो, हे मी तीनदा म्हणालो.

हात धुताना त्याने हळूच विचारलं, "आत्येन सही केल्यान?"

"नाय."

"बरा झाला." त्याचाही त्या बागेत दीड आणा आहे.

उद्या रात्री साडेआठला त्यांची मॅच, मँचेस्टर सिटीशी. म्हणजे अबू धाबीच्या तेलवाल्यांच्या क्लबशी. श्रावण लागतोय, त्यामुळे जेवायला वरणभात आणि काळ्या वाटाण्याची उसळ, असं वहिनीने आताच बजावून ठेवलंय. मी जाणार आहे. हसायलाच जाणार आहे.