पंच सगळे आपलेच

परवा रविवारी घरात काही काम नव्हतं, म्हणजे होतं पण करायचं नव्हतं, म्हणून 'प्यार का पंचनामा' परत लावला. पहिला भाग, २०११ चा. बायकोने पाहिला नव्हता, मी म्हटलं अगं भारी कॉमेडी आहे, बघच. तिथेच चुकलो.

हा पिक्चर मे महिन्यात आला तेव्हा आम्ही चौघं पुण्यात कर्वेनगरला वन बीएचकेमध्ये राहायचो. दोघं हॉलमध्ये, दोघं बेडरूममध्ये, गिझर बंद, आणि सिंकमधली भांडी कोणाची यावरून रोज महाभारत. लास्ट शोला गेलो होतो. पडद्यावर एकही ओळखीचा चेहरा नाही. कार्तिक आर्यनचा तर पहिलाच पिक्चर, लव रंजनचाही डिरेक्टर म्हणून पहिलाच. पण तेच कामी आलं, कारण स्टार नसल्यामुळे ती तीन पोरं खरंच कुठल्यातरी फ्लॅटवर पडून राहणारी वाटली. रज्जो, चौधरी आणि लिक्विड. नोकरी करतात, एकत्र राहतात, मग तिघांच्या आयुष्यात एकेक पोरगी येते आणि तिघांची वाट लागते, स्टोरी एवढीच. रज्जोची नेहा त्याला मुठीत ठेवते, चौधरीच्या रियाचा एक्स काही केल्या जात नाही, आणि आमचा लाडका लिक्विड, म्हणजे दिव्येंदू शर्मा (हो हो, नंतर 'मिर्झापूर' सिरीजमधला मुन्नाभैया) ऑफिसातल्या चारूची कामं करत बसतो, जिला आधीच बॉयफ्रेंड आहे.

आणि मग ते रज्जोचं, म्हणजे कार्तिकचं भाषण. जवळपास पाच मिनिटं, श्वास न घेता, पोरींच्या नावाने. थिएटर डोक्यावर घेतलं होतं लोकांनी. आमच्यातला एक तर खुर्चीवर उभा राहिला, ज्याने तोपर्यंत आयुष्यात एका पोरीला टाइमसुद्धा विचारला नव्हता. त्याला कसला अनुभव होता देव जाणे.

यावेळी ते भाषण सुरू झालं तेव्हा मी हसलो, हसू येतंच, तो बोलतोच तसा, पण शेजारी एकदम शांतता. मग बायको म्हणाली, "पंचनामा म्हणतात ना ह्याला? मग पंच कुठायत?"

आता माझी बायको तलाठ्याची मुलगी. गारपिटीनंतर वडील पंचनाम्याला शेतात जायचे ते तिने लहानपणापासून पाहिलंय, की ज्याचं नुकसान झालं तो सांगणारा आणि पंच म्हणून सही करणारे दुसरे कोणीतरी. इथे नुकसान झालेलेच पंच, तेच सही करणार आणि समोरच्या पार्टीला कोणी काही विचारलेलंच नाही. नेहा असं का वागते, रियाला एक्स सोडवत का नाही, यात पिक्चरला काडीचा इंटरेस्ट नाही. पोरी येतात त्या पावसासारख्या, पिकाचं नुकसान करायला.

मला मग 'अशी ही बनवाबनवी' आठवला. तिथेही पोरंच पोरं, पुण्यातच भाड्याची खोली, आणि खोलीसाठी परश्याची पार्वती होते, सुधीरची सुधा होते. अख्खा पिक्चरभर ही चौघं पोरींना थापा मारतात आणि आपण १९८८ पासून टाळ्या वाजवतोय, धनंजय मानेला तर देवघरात ठेवायचं बाकी आहे. म्हणजे पोरांनी फसवलं तर बनवाबनवी आणि पोरींनी फसवलं की लगेच पंचनामा. हे मी बायकोला बोललो नाही, उगाच तिच्या बाजूचा पुरावा कशाला द्या.

पण खरं सांगू का, मला पिक्चर अजूनही आवडतो आणि तो त्या भाषणासाठी नाही. त्यातली खरी लव्हस्टोरी पोरांची आपसातली आहे. एकाचं ब्रेकअप झालं की बाकीचे दोघं आधी शिव्या घालतात आणि मग बाटली काढतात. एकजण गर्लफ्रेंडकडे राहायला गेला की बाकीच्यांचं तोंड कसं होतं ते बघा, तिकडे कोणी डायलॉग लिहिला नसता तरी चाललं असतं. लव रंजनलाही ते कळलं असावं, कारण २०१५ ला दुसरा भाग काढून त्याने तेच भाषण अजून लांबवलं खरं, पण २०१८ च्या 'सोनू के टीटू की स्वीटी'मध्ये सरळ मित्र विरुद्ध होणारी बायको असा सामनाच लावून टाकला. तो मला जास्त प्रामाणिक वाटला. निदान जेलस कोण आहे ते तरी कळतं.

रात्री भाषणाची क्लिप आमच्या जुन्या फ्लॅटच्या ग्रुपवर टाकली. आमच्यातही एक लिक्विड होता, त्याचं नाव नाही सांगत, दोन पोरांचा बाप आहे आता. तो एका मुलीला रोज गाडीवरून ऑफिसला सोडायचा, तिचे रिचार्ज मारायचा, आणि शेवटी तिचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही तिला इतक्या शिव्या दिल्या होत्या की विचारू नका. चौदा-पंधरा वर्षं आम्ही तीच स्टोरी तशीच सांगतोय.

अर्ध्या तासाने त्याचा मेसेज आला. "अरे ती कधी मागायचीच नाही रे काही. मीच जायचो."

बराच वेळ कोणी काही टाइप केलं नाही. मग मीच लिहिलं की त्यातल्या दोन रिचार्जचे पैसे माझ्याकडून नेले होतेस, ते आधी दे.

अजून दिलेले नाहीत.