तुम्ही विचारलंत म्हणून: हेड कोच कधी होणार?

पुण्यात आले की प्रश्न ठरलेला. "काय गं, अजून असिस्टंटच? हेड कोच कधी होणार?" विचारणाऱ्यांत बँकेतून निवृत्त झालेले काका जास्त. त्यांच्या लेखी असिस्टंट म्हणजे बढती रखडलेला माणूस. चहा संपेपर्यंत या प्रश्नाचं उत्तर देऊन होत नाही, म्हणून इथे लिहिते.

अमेरिकेतल्या एका कॉलेजात मी मुलींच्या बास्केटबॉल टीमची असिस्टंट कोच आहे, आणि रिक्रूटिंग माझ्याकडे आहे. म्हणजे शाळेत खेळणाऱ्या मुली हेरायच्या, त्यांच्या घरच्यांशी ओळख वाढवायची आणि त्यांनी आमचंच कॉलेज निवडावं म्हणून चिकाटीने मागे लागायचं. शिवाय उंच मुलींची प्रॅक्टिस माझी आणि समोरच्या टीमचे व्हिडिओ बघून रिपोर्ट काढायचा तोही मीच.

आमच्या धंद्यात एक किस्सा सगळ्यांना पाठ आहे. सप्टेंबर 1990. टेनेसी विद्यापीठाच्या हेड कोच पॅट समिट यांचे दिवस भरत आलेले. तरी असिस्टंट मिकी डीमॉसला घेऊन त्या छोट्या विमानाने पेनसिल्व्हेनियाला गेल्या, मिशेल मार्सिनिअ‍ॅक नावाच्या मुलीच्या घरी. तिथेच बाळंतपणाची चिन्हं दिसायला लागली. परतताना पायलट म्हणाला, व्हर्जिनियात उतरू या. पॅटबाईंनी साफ नकार दिला. त्या वर्षीची फायनल फोर (राष्ट्रीय स्पर्धेत उरलेल्या शेवटच्या चार टीमचे सामने) त्यांच्याच गावी, नॉक्सव्हिलला होती, आणि ऐन उंबरठ्यावर त्यांना हरवलं होतं ते व्हर्जिनियाच्या टीमनेच! बाळ शेवटी टेनेसीतच जन्मलं.

किस्सा इथे संपवतात. मला पुढचं महत्त्वाचं वाटतं. एवढं करून मार्सिनिअ‍ॅक गेली नोटर डेम या दुसऱ्याच विद्यापीठात. एका सीझननंतर मात्र ती टेनेसीत आली, आणि 1996 मध्ये टेनेसीने विजेतेपद मिळवलं तेव्हा फायनल फोरची सर्वोत्तम खेळाडू तीच होती. म्हणून मुलगी नाही म्हणाली तरी मी तिच्या आईला अभिनंदनाचा मेसेज करते, तोही मनापासून. आज ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन नोंदणी) मुली दरवर्षी कॉलेज बदलू शकतात, त्यामुळे तो मेसेज वाया जात नाही.

आणि मिकी डीमॉस? 2003 मध्ये त्या केंटकीच्या हेड कोच झाल्या. 2007 मध्ये ते पद सोडलं आणि पुढे पुन्हा असिस्टंट म्हणून काम केलं. क्रिस डेली 1985 मध्ये हेड कोच जीनो ऑरिएमांबरोबर कनेक्टिकट विद्यापीठात आल्या; 2025 पर्यंत 12 राष्ट्रीय विजेतेपदं झाली आणि बाई त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत. यांची बढती रखडली असं म्हणायची माझी तरी छाती नाही. उलट उदाहरणही आहे. जॅन जेन्सन 2000 पासून आयोवा विद्यापीठात हेड कोच लिसा ब्लूडर यांच्या हाताखाली होत्या. तिथली स्टार खेळाडू केटलिन क्लार्क हिची सगळी वर्षं त्यांनी असिस्टंट म्हणूनच पाहिली, आणि 2024 मध्ये ब्लूडर निवृत्त झाल्यावर हेड कोच झाल्या.

माझं खरं काम बघायचं तर जुलैत शाळकरी मुलींच्या स्पर्धांना या. एखाद्या प्रचंड प्रदर्शन हॉलमध्ये ओळीने कोर्टं टाकलेली असतात, सगळीकडे एकाच वेळी सामने आणि शिट्ट्या; कुठली शिट्टी कुठल्या कोर्टावरची तेही कळत नाही. कडेच्या खुर्च्यांवर आपापल्या कॉलेजचे टी-शर्ट घातलेले आम्ही कोच. तिथे मुलीशी किंवा तिच्या आईवडिलांशी बोलायला एनसीएएच्या (कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणारी संस्था) नियमाने बंदी, त्यामुळे पालक शेजारून जाताना नुसते हसतात आणि माझ्या वहीत डोकावतात. मी बास्केट मोजत बसत नाही, तो आकडा कुठेही मिळतो. बॉल हातातून गेल्यावर मुलगी मागे धावते की हात पसरून रेफरीकडे बघते, हे मी लिहून ठेवते. कोचने बाहेर बसवल्यावर ती बाकाच्या टोकाला टॉवेल डोक्यावर घेऊन बसते, की आत गेलेल्या मुलीला ओरडून स्क्रीन (वाट अडवायला उभी राहिलेली समोरची खेळाडू) सांगते, तेही. (भारतातून व्हिडिओ पाठवणाऱ्या पालकांनो, निवडक बास्केटांची चित्रफीत नको, अख्खा सामना पाठवा.)

हेड कोच झालं की यातलं बरंचसं सुटतं. त्याऐवजी मागे लागतात देणगीदारांची जेवणं, पत्रकार, बजेट. त्यात 1 जुलै 2025 पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, म्हणजे कुणाला किती द्यायचे ही डोकेदुखी नवी. टीम हरली की पहिला बळी तिचाच. अर्थात आम्ही तरी कुठे सुरक्षित? हेड कोच गेली की बहुतेक वेळा असिस्टंटनाही गाशा गुंडाळावा लागतो. नवी बाई आपली माणसं घेऊन येते. एका कॉलेजातून मी अशीच बाहेर पडले आहे. घराचं भाडं चालू, नोकरी बंद, आणि जिला मी शब्द देऊन आणलं ती मुलगी फोनवर विचारतेय, "कोच, आता मी काय करू?"

तर उत्तर असं. हेड कोच व्हायचं नाही, असं अजिबात नाही. पण नाव छोटं असलं तरी चालेल, मुली निवडायला मला स्वतःला जाता येईल आणि रोज कोर्टावर उभं राहता येईल, असं कॉलेज हवं. तशी जागा निघाली तर अर्ज करीन.