पीडीएफ मिळते, मग वेगळे पुस्तक कशाला?

छापील पान वाचता न येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मी पुस्तके तयार करते, हे कळले की समोरची व्यक्ती आधी कौतुक करते आणि मग हमखास विचारते, ‘पण हल्ली सगळ्याची पीडीएफ मिळते. बालभारतीची पुस्तकेसुद्धा संकेतस्थळावर विनामूल्य आहेत आणि मोबाइल ती वाचूनही दाखवतो. मग तुम्ही वेगळे काय करता?’ प्रश्नात खोच नसते, तो रास्तच आहे. उत्तर मात्र उभ्याउभ्या देण्याजोगे नाही. म्हणून ते एकदा सविस्तर लिहिते.

पीडीएफ हा प्रकार १९९३ मध्ये आला तो पान कोणत्याही यंत्रावर जसेच्या तसे दिसावे आणि तसेच छापले जावे यासाठी. मोबाइलवरील टॉकबॅक किंवा संगणकावरील एनव्हीडीए यांसारख्या स्क्रीन रीडरना, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालींना, मात्र पान कसे दिसते याच्याशी फारसे कर्तव्य नसते. (एनव्हीडीए हा विनामूल्य आहे, मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने तो २००६ मध्ये लिहायला घेतला आणि आपल्याकडच्या असंख्य विद्यार्थ्यांचे शिक्षण आज त्याच्या आधाराने चालते.) स्क्रीन रीडर पानामागे साठवलेली अक्षरे मागतो आणि मिळतील तशी उच्चारतो. झेरॉक्सच्या दुकानातून स्कॅन करून आणलेल्या नोट्सच्या पीडीएफमध्ये अक्षरे नसतातच, पानाचा फोटो असतो. त्यामुळे डोळस मित्राला स्वच्छ दिसणारे पान स्क्रीन रीडरच्या लेखी कोरे असते.

अक्षरे असली तरी काम भागते असे नाही, आणि येथे मराठीचे दुखणे इंग्रजीहून निराळे आहे. युनिकोड (जगभरातील लिपींच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणारी पद्धत) रुळण्यापूर्वी मराठी डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, ज्या फाँटवर उभी राहिली, त्यांत रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरी अक्षरांची चित्रे बसवलेली होती. डोळ्यांना ‘मराठी’ दिसते, पण फाइलमध्ये साठवलेली असतात ती परकी चिन्हे, आणि स्क्रीन रीडर तीच इमानाने वाचत सुटतो. त्या फाँटमुळेच मराठी छपाई संगणकावर आली, म्हणून त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. परंतु त्या काळातील पुस्तकांच्या फाइली अजून पुनर्मुद्रणासाठी वापरल्या जातात आणि काही अक्षरजुळणी अजूनही त्याच सवयीने चालते. युनिकोडमध्ये जुळवलेले पुस्तक पीडीएफ होताना आणखी एक गंमत होते. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते आणि रफार नंतरच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, म्हणून पीडीएफमधून मजकूर उचलताना तो अनेकदा दिसण्याच्या क्रमाने बाहेर पडतो आणि ‘विद्यार्थी’ हा शब्द ‘िवद्याथीर्’ असा हाती येतो. एक-दोन शब्दांचे असे झाले तर कान सावरून घेतो. पानभर असेच ऐकावे लागले तर जिद्दीचा विद्यार्थीही दहा मिनिटांत इयरफोन काढून ठेवतो.

त्यामुळे बहुतेक वेळा पुस्तक पुन्हा स्कॅन करून ओसीआरमधून, म्हणजे पानाच्या चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणाऱ्या प्रणालीतून, काढणे आणि मग मूळ पानाशी ताडून ओळन् ओळ दुरुस्त करणे एवढाच मार्ग उरतो. ओसीआर आता पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारले आहे, तरीही ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो, जुन्या पिवळ्या कागदावरचे अनुस्वार डागांबरोबर पुसले जातात आणि कागदावरचे डाग अनुस्वार म्हणून येऊन बसतात. शब्द चुकला तर वाचणाऱ्याला निदान शंका येते, आकडा चुकला तर तीही येत नाही. देवनागरी १ आणि ९ यांची गल्लत झाली की पेशवाई १८१८ ऐवजी १८९८ मध्ये बुडते, आणि फक्त ऐकून अभ्यास करणाऱ्याला ते खोटे वाटण्याचे काही कारण नसते. म्हणून इतिहासाच्या पुस्तकात आम्ही मजकुराचे प्रूफ आणि सनावळ्यांचे प्रूफ वेगवेगळे वाचतो.

एवढ्यावर तयार होतो तो शुद्ध मजकूर. त्याला मी अजून पुस्तक म्हणणार नाही. डोळस विद्यार्थी पुस्तक सलग वाचतो कुठे? तो पाने उलटतो, ठळक मथळे पाहतो, मागे जाऊन व्याख्या तपासतो, परीक्षेच्या आदल्या रात्री फक्त चौकटी वाचतो. हे सारे ऐकून वाचणाऱ्यालाही करता यावे यासाठी प्रत्येक प्रकरणाला, उपप्रकरणाला आणि तक्त्याला फाइलमध्ये तशी खूण करावी लागते. अशी रचना असलेल्या इपबमध्ये (ई-पुस्तकाच्या फाइलीत) किंवा वर्डच्या फाइलमध्ये एनव्हीडीए वापरणारा विद्यार्थी एकच कळ दाबत मथळ्यावरून मथळ्यावर जातो आणि प्रकरण क्षणात गाठतो. मथळा नुसताच ठळक टाइपात असेल तर स्क्रीन रीडरच्या दृष्टीने तो मजकुराच्या इतर ओळींपैकी एक ओळ असतो. छापील आवृत्तीचे पृष्ठक्रमांकही आम्ही जागच्या जागी ठेवतो, कारण वर्गात ‘पान ११२ वरचा तक्ता पाहा’ असे सांगितल्यावर त्या पानावर सगळ्यांबरोबर पोचता आले पाहिजे. ध्वनिमुद्रित पुस्तकांविषयी मला मनापासून आदर आहे. कॅसेटच्या काळापासून स्वयंसेवकांनी आवाज देऊन कित्येकांना पदवीपर्यंत नेले. पण सलग आठ तासांच्या ध्वनिमुद्रणात एक व्याख्या शोधायची म्हणजे किती मागे-पुढे करावे लागते, ते अनुभवलेल्यांनाच ठाऊक. याच अडचणीवर उपाय म्हणून डेझी हे स्वरूप पुढे आले. आवाज आणि मजकूर यांची सांगड घालून प्रकरणांतून आणि पानांतून ये-जा करू देणे हे त्याचे मुख्य काम.

सर्वांत जास्त वेळ खाते ते चित्र. ‘नद्यांचा नकाशा’ एवढे लिहून पुढे जाणे म्हणजे मथळा दोनदा वाचून दाखवणे होय, आणि नकाशातील प्रत्येक रेघ वर्णन करत बसणेही तितकेच निरुपयोगी. हा नकाशा धड्यात कशासाठी दिला आहे, हे आधी ठरवावे लागते. मग वर्णन काहीसे असे होते: ‘सह्याद्रीची रांग उत्तर-दक्षिण पसरली आहे. तिच्या पश्चिमेकडील नद्या आखूड असून अरबी समुद्राला मिळतात. पूर्वेकडील गोदावरी आणि कृष्णा लांबचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळतात.’ तीन ओळींचे हे काम दिसायला सोपे आहे, पण विषय येत असल्याशिवाय ते होत नाही, आणि नेमका विषय येणारा माणूस या कामाला मिळत नाही. गणिताचे तर विचारूच नका. समीकरण चित्र म्हणून टाकलेले असेल तर ते वाचलेच जात नाही, आणि शब्दांत लिहिले तर ‘एक भागिले क्ष अधिक दोन’ यातले दोन छेदात आहेत की बाहेर, हे ऐकणाऱ्याने ओळखायचे तरी कसे? यासाठी मॅथएमएल ही लेखनपद्धती आहे. ती वापरलेले मराठी गणिताचे पुस्तक अजून माझ्या हाती आलेले नाही.

हे सर्व फक्त अंध विद्यार्थ्यांसाठी, असाही एक समज आढळतो. अल्पदृष्टी असलेल्या मुलीला हीच फाइल हवी तेवढी मोठी करून, काळ्यावर पिवळी अक्षरे करून वाचता येते. वाचन-अक्षमता असलेल्या मुलाला शब्द उजळत जाणारा मजकूर डोळ्यांनी आणि कानांनी एकाच वेळी वाचता येतो. ज्याच्या हातांत पुस्तक धरण्याची ताकद नाही, त्याला पाने उलटावी लागत नाहीत. शिवाय शुद्ध युनिकोड मजकुरावरून ब्रेल छापता येते किंवा ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे ठिपके वर-खाली होणाऱ्या यंत्रावर, बोटांखाली आणता येते. मराठीसाठी मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण केवळ ऐकून शिकलेल्या मुलाला शब्दातील इकार-उकार कोणता, हे सांगणार कोण? ब्रेलचे जाडजूड खंड शाळेत ने-आण करण्याचे दिवस संपले तर बरेच आहे. ब्रेल संपू नये.

अशी प्रत करण्यात कायद्याची अडचण येते का, हा पुढचा प्रश्न असतो. येत नाही. प्रताधिकार कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने, नफा न घेता आणि केवळ अपंग व्यक्तींच्या वापरासाठी, प्रकाशकाच्या परवानगीवाचून सुगम (त्यांना वाचता येईल अशी) प्रत करण्याची मुभा दिली. अशा प्रती देशोदेशी पाठवता याव्यात यासाठी २०१३ मध्ये झालेल्या माराकेश करारास मान्यता देणारा भारत हा पहिला देश होता. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात विविध संस्थांनी केलेली पुस्तके एकत्र मिळतात, त्यामुळे एकदा केलेले पुस्तक पुन्हा करावे लागत नाही. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्याने लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलांना अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके मोफत देण्याची जबाबदारीही घातली. संदर्भग्रंथांची खरी निकड मात्र अठरा वर्षे पुरी होऊन मूल महाविद्यालयात गेल्यावर सुरू होते, हे कायदा करणाऱ्यांच्या लक्षात आले नसेल असे मला वाटत नाही.

अलीकडे सुरुवातीच्या त्या प्रश्नाला ‘मग एआय करेल की हे सगळे’ अशी पुस्ती जोडली जाते. पहिला कच्चा खर्डा ते करते आणि आम्ही तो घेतो. पण धुरकट स्कॅनमध्ये न दिसलेला शब्द ते कधीकधी स्वतःच्या मनाने इतक्या सफाईने भरते की ती चूक प्रुफातही सापडत नाही. त्यापेक्षा ओसीआरचा ‘ध’ परवडला, तो निदान चूक म्हणून ओळखू येतो.

खरे तर यातले पुष्कळसे काम आमच्याकडे यायलाच नको. अक्षरजुळणी करताना मजकूर युनिकोडमध्ये ठेवला, मथळ्यांना नुसता ठळक टाइप न देता मथळ्याची शैली लावली आणि चित्र पाठवतानाच लेखकाने त्याखाली दोन ओळींचे वर्णन लिहून दिले, तर प्रकाशकाला छापील पुस्तकाबरोबर इपबही काढता येईल. आज घडते ते असे की, अभ्यासक्रम जूनमध्ये बदलतो, पुस्तक जुलैत बाजारात येते, कोणीतरी त्याची प्रत आमच्याकडे आणून देते आणि शेवटचे प्रकरण तयार होईपर्यंत सत्रपरीक्षेचे वेळापत्रक लागलेले असते. आम्ही प्रकाशकांकडे ओपन फाइल (अक्षरजुळणीची मूळ, दुरुस्त करता येणारी फाइल) मागतो, तेव्हा ती बाहेर फुटेल अशी भीती बहुतेकांना वाटते. ज्यांनी दिली, त्यांचे पुस्तक आठवड्याभरात विद्यार्थ्यांच्या हाती पडले.