शुगर आहे, डेक्सा नॉर्मल आहे, मग हाडांचं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न साधारण असा असतो: "पाळी जाऊन पाच-सहा वर्षं झाली, शुगर आहे, वजनही भरपूर आहे. पण डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, नॉर्मल आली. मग हाडांची चिंता कशाला?" मी फिजिओथेरपिस्ट आहे, नागपुरात पन्नाशीपुढच्या बायकांचा व्यायामाचा वर्ग घेते, त्यामुळे हा प्रश्न सारखाच येतो. एका काकूंनी तर विचारलंही नाही, सरळ निकालच देऊन टाकला, "माह्या हाडाले काय होते वो मॅडम, ब्याऐंशी किलोची बाई मी!"

काकूंचं अर्धं खरं आहे. रोज जास्त ओझं वाहत असल्यामुळे जड बाईच्या हाडांची घनता बहुतेकदा चांगली भरते. पाळी गेल्यावर अंडाशयातलं इस्ट्रोजन हे हार्मोन आटतं, तेव्हा थोडंफार इस्ट्रोजन चरबीतच तयार होतं, तेही कामी येतं. पडलं तर खुब्याला गादी मिळते. पण जड बायकांचे घोटे जास्त मोडतात. आणि वजनाच्या जोडीला टाइप २ डायबिटीस असेल तर खुब्याचंही गणित उलटतं. डेक्साचा आकडा नॉर्मल, कधी कधी नॉर्मलच्याही वर, आणि तरी हाड मोडण्याचा धोका जास्त.

असं का? डेक्सा मोजते ती हाडातल्या खनिजांची घनता. हाड मात्र नुसतं खनिजांचं नसतं. आत कोलॅजेन नावाच्या प्रथिनाची जाळी असते, आणि धक्का सोसण्याचा चिवटपणा तिच्यामुळे येतो. रक्तातली जास्तीची साखर या जाळीला चिकटत जाते आणि ती कडक, ठिसूळ होते. तुमच्या रिपोर्टमधली 'तीन महिन्यांची शुगर' तरी काय असते? हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, त्याचा हिशेब. फरक एवढाच, की लाल पेशी साधारण १२० दिवसांत मरते आणि नवी येते; हाडातलं कोलॅजेन वर्षानुवर्षं तिथेच असतं. शिवाय डायबिटीसमध्ये जुनं हाड काढून नवं भरण्याचं काम मंदावतं, म्हणजे साखर लागलेल्या जाळीचा मुक्काम आणखी वाढतो. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या बादलीनं नागपूरचे दोन उन्हाळे काढले की काय होतं ते आठवा. जाडी मोजली तर तेवढीच, पण नळाखाली जरा आपटली की तडकते.

म्हणून रिपोर्ट वाचण्याची रीत थोडी बदलावी लागते. डेक्साच्या रिपोर्टमधला टी-स्कोअर, म्हणजे तुमच्या हाडांची तरुण, निरोगी बाईच्या हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ साली आखली. डायबिटीस असलेल्या बाईचा उणे २ हा धोक्याच्या दृष्टीनं डायबिटीस नसलेल्या बाईच्या उणे २.५ च्या जवळपास धरतात. पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता सांगणारं 'फ्रॅक्स' नावाचं एक गणित डॉक्टर वापरतात. त्याच्या मूळ फॉर्ममध्ये टाइप २ डायबिटीसला रकानाच नाही. मग काही डॉक्टर त्याऐवजी ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या रकान्यात खूण करून काम भागवतात. मला हे भारी आवडतं: जगभरातल्या कोट्यवधी बायकांचा आजार, आणि तो दुसऱ्याच आजाराच्या नावावर बसवावा लागतो.

आपल्याकडेही वेगळं काय आहे? नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत संध्याकाळी कुठल्याही दवाखान्यात बघा. बायकांच्या पिशवीत दोन फायली असतात, एक शुगर-बीपीची, एक हाडांची. पहिल्या डॉक्टरांनी दुसरी उघडलेली नसते, दुसऱ्यांनी पहिली. खरं तर दोन्ही फायलींचं मूळ बरेचदा एकच. इस्ट्रोजन गेलं की हाड झिजवणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो. पाळी जाण्याच्या सुमाराची आणि त्यानंतरची काही वर्षं हाड सगळ्यात वेगानं झिजतं. त्याच वर्षांत चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं, वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. भारतीय बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हायला सांगतात ते यासाठीच. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य बायकांपेक्षा बरीच आधी. त्यातून "पिशवी काढली" म्हणणाऱ्या कितीतरी. पिशवीसोबत अंडाशयही काढले होते का, हे त्यातल्या बऱ्याच जणींना ठाऊकच नसतं. जुना डिस्चार्ज कागद शोधा. पस्तिशी-चाळिशीत अंडाशय गेले असतील तर हाडांची झीजही तेव्हापासूनच मोजायची.

औषधांचंही एक बघा. शुगरच्या एकत्र गोळ्यांत कधी कधी पायोग्लिटाझोन असतं. बायकांमध्ये त्यानं फ्रॅक्चरचा धोका वाढतो. पाकिटावर नाव दिसलं तर डॉक्टरांना विचारा, मनानं बंद करू नका. शुगर खाली नेणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन यांमुळे पहाटे शुगर उतरून बाथरूममध्ये पडणं, तळपाय बधिर झाल्यानं चपलेचा अंदाज न येणं, मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबवणं... हाड मोडायला आधी पडावं लागतं, आणि पडण्याची इतकी कारणं डायबिटीस एकटाच पुरवतो.

आता व्यायाम. "अंबाझरी तलावावर रोज फिरतो ना आम्ही!" फिरा, जेवणानंतर तर जरूर फिरा, शुगरला फार चांगलं. पण सपाट रस्त्यावर गप्पा मारत चालण्यानं पाठीच्या मणक्याला काहीच नवं काम मिळत नाही. हाडाला जास्तीचा भार लागतो. ऑस्ट्रेलियात १०१ बायकांवर केलेला एक प्रयोग २०१८ मध्ये छापून आला. सगळ्यांची पाळी गेलेली, हाडांची घनता कमी. त्यातल्या अर्ध्या जणींनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, देखरेखीखाली चांगली जड वजनं उचलली. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता जवळपास ३ टक्के वाढलेली होती. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची उलट घसरली होती. वजन उचलणारा स्नायू रक्तातली साखरही ओढून घेतो, म्हणजे एकाच मेहनतीत दोन्ही फायलींचं काम. माझ्या वर्गात सुरुवात हात न टेकता खुर्चीवरून उठण्यानं होते, मग हातात वजन येतं. स्वयंपाकघरात ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं बहुतेकींना जमेल. मणका आधीच कमजोर असेल तर पुढे वाकण्याची आसनं, पश्चिमोत्तानासन वगैरे, सोडा. तरुणपणापेक्षा उंची ४ सेंटिमीटर किंवा जास्त घटली असेल तर मणक्याचा एक्सरे काढायला सांगा. मणक्याची बरीच फ्रॅक्चर दुखत नाहीत, कळतही नाहीत.

खाण्यात माझं भांडण साबुदाण्याशी आहे. चतुर्थी, एकादशी, सोमवार आणि वर नवरात्र. वजन उतरतं, पण स्नायू आणि हाड दोन्ही घेऊन उतरतं. पातळ वरणाच्या एका वाटीत प्रथिनं पाच ग्रॅमच्या आसपास, आणि साठ किलोच्या बाईला दिवसाला साठेक ग्रॅम तरी हवीत. झुणका, दही, अंडी, चणे, जे चालत असेल ते दोन्ही जेवणांत पाहिजे. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम, असं आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, २०२० मध्ये सांगितलं आहे. त्यातलं जमेल तेवढं ताटातून घ्या: दूध, ताक, तीळ, नाचणी. गोळी उरलेल्यापुरतीच, आणि मुतखड्याचा त्रास होऊन गेला असेल तर आधी विचारून. व्हिटॅमिन डी मात्र तपासूनच घ्या. इतक्या उन्हाच्या गावात ते कमी कसं, असं सगळ्याच विचारतात. मे महिन्यात आपण दारं-खिडक्या लावून कूलरसमोर बसतो, आणि बाहेर पडलोच तर सनकोट, हातमोजे आणि डोळे सोडून सगळं झाकणारा स्कार्फ. त्वचेला ऊन लागणार कधी? हिवाळ्यात अकराच्या सुमारास गच्चीवर बसता येतं, तेवढं तरी करा.

आणि डेक्सा पुन्हा करायची असेल तर शक्यतो त्याच मशीनवर करा. दोन वेगळ्या मशीनचे आकडे शेजारी ठेवून हाड वाढलं की घटलं, ते सांगता येत नाही. जाताना दोन्ही फायली न्या.