तिसरा सूर गावत न्हाई

माउथ ऑर्गन वाजवण्यात, शिकवण्यात आणि उघडून दुरुस्त करण्यात माझं अख्खं आयुष्य गेलं. लोकांना अजूनही वाटतं की हे जत्रेतलं खेळणं आहे, पिकनिकला बसमध्ये वाजवायचं आणि कपाटात टाकायचं. त्यांच्याशी वाद घालणं मी केव्हाच सोडलं. पण मागच्या पावसाळ्यात एका रविवारी क्लासमध्ये जे झालं ते लिहून ठेवायचंच आहे, कारण या वीतभर वाद्यात काय मावतं आणि काय मावत नाही हे इतक्या वर्षांत मला कुणी इतकं स्वच्छ दाखवलं नव्हतं.

पुण्यात माझा सकाळचा क्लास असतो. एक काका नातवाचं नाव घालायला आले होते. मूळचे इचलकरंजीचे, जन्म यंत्रमागावर गेलेला, आता मुलाकडे पुण्यात. नातवाची वेळ ठरली, फी झाली, आणि निघता निघता काकांनी शर्टाच्या आतल्या खिशातून रुमालात गुंडाळलेला माउथ ऑर्गन काढला. "सर, ह्यो बाजा जरा बगता का? आवाज फाटतोय."

साधा २४ होलचा ट्रेमोलो प्रकारचा माउथ ऑर्गन, सी स्केलचा, म्हणजे पांढरी एकचा (पेटीच्या सप्तकातल्या पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या डावीकडून वेगवेगळ्या मोजतात, पांढरी एक ही सी ची). ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ट्रेमोलोत प्रत्येक सुराला दोन रीड, म्हणजे श्वासाने कंप पावणाऱ्या पातळ पितळी पट्ट्या असतात, एक वर एक खाली, आणि दोघी मुद्दाम किंचित वेगळ्या लावलेल्या असतात, त्या एकदम वाजल्या की आवाज थरथरतो आणि तीच ती माउथ ऑर्गनची ओळखीची थरथर. २४ सूर म्हणजे ४८ रीड. वर्षानुवर्षं वाजवून जोडीतली एक रीड थकते, तिच्या बुडाशी रिव्हेटजवळ केसाएवढी चीर जाते, सूर खाली उतरतो, मग दोघींमधलं अंतर वाढतं आणि थरथर इतकी जोरात व्हायला लागते की कानाला फाटल्यासारखंच लागतं. काकांनी फाटतोय म्हटलं ते अगदी बरोबर होतं.

मी वरचा पत्रा काढायच्या आधी वाद्य खिडकीशी नेऊन तिरपं धरून बघतो, सवयच आहे, कारण वाजवणाऱ्याची सगळी कुंडली पत्र्यावर असते. खालचा ओठ जिथे सारखा टेकतो तिथलं निकेल घासून जातं आणि आतलं पितळ पिवळं दिसायला लागतं. नव्या पोरांचं मधल्या सा च्या आसपास घासलेलं असतं कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. काकांच्या बाजावर तिथे निकेल चांगलं शाबूत होतं, आणि दोन होल सोडून पुढे, पांढरी तीनपाशी, बोटाच्या पेराएवढा पिवळा डाग. फुंकून बघितलं तर थकलेली रीडही नेमकी तीच, पांढरी तीनचीच. म्हणजे या माणसाचा सा तिथे होता.

मी विचारलं, "काका, तुम्ही भैरवी वाजवता का?"

ते दचकलेच. "तुमाला कसं कळलं? मी अजून वाजवलंच न्हाई की."

आता यात जादू काही नाही. अशा सी स्केलच्या ट्रेमोलोवर फक्त पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांचे सूर असतात, काळ्या पट्टीचा एकसुद्धा नाही. पण पांढरी तीनला सा मानून पांढऱ्या पट्ट्यांवरच वर चढत गेलं की रे ग ध नी चारही आपोआप कोमल, म्हणजे अर्धा सूर उतरलेले लागतात, मध्यम (म) शुद्ध, म्हणजे सरळ भैरवीच. भजनात पेटी वाजवणाऱ्या पुष्कळांना हे ठाऊक असतं. पट्ट्या त्याच ठेवायच्या आणि सा सरकवायचा, यालाच मूर्छना म्हणतात, आपल्याकडे ही कल्पना पार नाट्यशास्त्रापासून आहे. पांढरी दोनला सा धरा, काफी थाट मिळतो, थाट म्हणजे रागांचा सात सुरांचा साचा. चारला कल्याण, पाचला खमाज, सहाला आसावरी. एकवरून बिलावल आहेच. संगीतपंडित भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी सहा असे या साध्या माउथ ऑर्गनवर फुकटात बसलेले आहेत, आणि तरीही क्लासेसमध्ये पोरांना चार फुंका पाच ओढा असे होलांचे नंबर पाठ करायला लावतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. नंबरने गाणं येतं पण कान येत नाही.

काकांना यातलं एकही नाव माहीत नव्हतं. १९६४ साली 'दोस्ती' सिनेमा आला, त्यातला माउथ ऑर्गन आर. डी. बर्मननी वाजवला होता, आणि तो ऐकून गावोगावच्या पोरांनी बाजे घेतले, काकांचा पहिला बाजा तेव्हाचा. पुढे मागावर कामाला लागल्यावर लाईट गेली की माग बंद पडायचे, त्या खडखडाटानंतर जी शांतता व्हायची तेवढ्यात वाजवायचं, लाईट आली की खिशात. गुरू नाही, पुस्तक नाही. देवळात भजनाला बसायचे आणि ऐकलेलं दुसऱ्या दिवशी बाजावर शोधायचे. शोधता शोधता भैरवीची जागा सापडली आणि तिथेच मुक्काम केला.

त्यांनी वाजवलं. फाटक्या रीडवरच वाजवलं. वर्गात आठ-दहा जण होते, सगळे आपापलं थांबवून ऐकायला लागले. श्वासावर इतका ताबा की फुंकणं संपून ओढणं कुठे सुरू झालं ते कळत नव्हतं, आणि माउथ ऑर्गनमध्ये हेच सगळ्यात अवघड असतं, इथे श्वास आत घेतानाही वाजवायचं असतं, दम खायला वेगळी जागाच नसते. त्या वयात तो दम बघून मी थक्क झालो.

वाजवून झाल्यावर ते म्हणाले, "ह्ये जमतंय. पर एक चाल हाय काकड्याची, सकाळची, ती लई वर्सं बसतच न्हाई. तिसरा सूर गावत न्हाई. आनि वरचा सातवा. दर बारीला रडकं होतंय. कानच कमी पडतोय माजा."

त्यांनी ती चाल गुणगुणून दाखवली. भैरव राग! रे कोमल, ध कोमल, पण ग आणि नी शुद्ध. पांढरी तीनवरून तिसरा सूर शुद्ध गंधार (ग) हवा असेल तर तो येतो काळी चारवर आणि शुद्ध निषाद (नी) काळी दोनवर, आणि या दोन्ही पट्ट्या त्या वाद्यात नाहीतच. तिथे जाऊन ते पांढरी पाच आणि पांढरी दोन वाजवायचे, जे कोमल ग आणि कोमल नी, म्हणून भैरव म्हणायला जावं आणि फिरून भैरवीतच यावं. सा कुठेही सरकवला तरी भैरव या वाद्यावर बसत नाही. पूर्वी, मारवा, तोडी हेही नाहीत. हे वाद्य एकोणिसाव्या शतकात जर्मनीकडच्या मंडळींनी त्यांच्या लोकगीतांसाठी आखलं, कुठूनही फुंकलं तरी सा ग प च निघावेत, साथ आपोआप व्हावी, या हिशोबाने. त्यांच्या कामाला ते उत्तम होतं. सकाळच्या काकड्याचा विचार त्यात कुणी करायचं कारणच नव्हतं.

मी हे काकांना पेटी काढून दाखवलं, पट्टीवर बोट ठेवून. ही पांढरी तीन, हा तुमचा सा, हा तिसरा तुम्हाला हवा तो काळ्यावर आहे, आणि तुमच्या बाजात काळ्या नाहीत. त्यांनी स्वतः ती काळी चार दोन-तीनदा दाबली. मग म्हणाले, "म्हंजी बाजातच न्हाई त्यो?" म्हटलं नाही. "माजं चुकत नव्हतं?" म्हटलं काका, तुमचा कान इतका बरोबर आहे की नसलेला सूर नाही हे तुम्हाला इतकी वर्षं टोचत राहिलं. ते खूप वेळ काहीच बोलले नाहीत, पेटीकडेच बघत होते. नातू सात-आठ वर्षांचा, त्याने त्यांचा हात धरला होता.

यावर उपाय म्हणजे क्रोमॅटिक माउथ ऑर्गन, ज्याला बाजूला बटण असतं, दाबलं की प्रत्येक सूर अर्ध्याने चढतो. माझं स्वतःचं वाजवणं त्यावरच आहे. पण चांगलं क्रोमॅटिक स्वस्तात मिळणं कठीण, शिवाय होलांची मांडणी वेगळी, जन्मभराची ओठांची सवय मोडायला लागते आणि ती थरथर नसते. काकांच्या हातात ते देणं मला पटेना. म्हणून मी जुन्या ट्रेमोलोवाल्यांची युक्ती काढली. कपाटातून सी शार्पचा, म्हणजे काळी एकचा बाजा आणला, तसाच २४ होलचा, आणि त्यांच्या बाजाच्या वर ठेवून दोन्ही एकत्र धरायला शिकवलं. खालचा पांढरी एक, वरचा काळी एक. मांडणी तीच, त्यामुळे खालच्या प्रत्येक सुराचा अर्धा सूर वरचा त्याच्या बरोब्बर डोक्यावर. काकांना हवा तो तिसरा सूर ते जिथे जायचे त्याच होलाच्या वर होता, आणि सातवाही. एवढी वर्षं ते योग्य दारात जात होते, फक्त वरच्या मजल्यावर जायचं होतं.

पहिल्यांदा वाद्य घसरलं, मग अंगठा कुठे ठेवायचा ते सांगितलं, मग लागला. शुद्ध गंधार. त्यांनी तो एकच सूर फुंकून धरून ठेवला, श्वास संपेपर्यंत. चाल त्या दिवशी पुरी बसली नाही, मधे मधे तुटत होती, पण तिसऱ्या सुरावर आले की चेहरा असा व्हायचा की माझी एक विद्यार्थिनी, बँकेतून रिटायर झालेल्या मॅडम आहेत, त्या डोळे पुसत होत्या.

रीड मी दुपारी बसवली. ती फुंकायची रीड, म्हणजे प्लेटच्या आतल्या बाजूला, त्यामुळे बारीक खिळे उपटून प्लेटच उचलावी लागते. कानसीने टोकाशी घासून सूर चढवता येतो पण चीर गेलेल्या रीडला त्याचा उपयोग नाही, दोन दिवसात परत उतरते. जुन्या मोडक्या बाजांचा डबा असतो माझ्याकडे, त्यातली त्याच मापाची रीड काढून बारीक स्क्रूने बसवली आणि जोडीदारणीशी जुळवली. थरथर जरा संथ ठेवली, भैरवीला ती शोभते. पत्रा बदलू का विचारलं तर काकांनी हातानेच नको म्हटलं. काळी एकचा बाजा मी त्यांना तसाच दिला.

नंतर काही आठवड्यांनी सकाळी सकाळी काकांचा फोन. नमस्कार वगैरे काही नाही, थेट, "सर, दुसरा सूर बी वरच्यावर हाय की! सा च्या डोक्यावर. खाली कशाला यायचं?" मी अर्धवट झोपेत, दोन्ही बाजे काढून बसलो आणि बघितलं. खरंच. काळी एकच्या बाजावर पांढरी तीनच्या वरच्या होलात पांढरी चार वाजते, तोच कोमल रिषभ (रे). म्हणजे भैरवातला रे आणि ग दोन्ही वर, दोन्ही फुंकायचे, मधलं होल ओढायचं असल्यामुळे फुंकताना गप्प राहतं, त्यामुळे एका फुंकेत रे वरून ग वर घसरत जाता येतं. आणि पुढे ध आणि नी बघितले तर तेही दोन्ही वर आणि दोन्ही ओढायचे, एका श्वासात. मी त्यांना शिकवलं होतं त्यात रे खाली ग वर, ध खाली नी वर अशी प्रत्येक वेळी उडी होती आणि तिथेच चाल तुटत होती. काकांनी ती उडीच काढून टाकली होती.

फोनवर त्यांनी अख्खी चाल वाजवून दाखवली. आता माझ्याकडे दोन बाजांवर भैरव शिकायला जो येतो त्याला मी काकांच्याच पद्धतीने शिकवतो, आणि त्यांचा नातू ती पहिल्यापासून तशीच शिकतोय.